काठी पडते ती जागा

"अरे, काठी पाडणारा आला बघा!"

टेबलामागून इवन ओरडला आणि रांगेतली माणसं वळून बघायला लागली. माझा भाऊ डर्मट कानांपर्यंत लाल झाला. पन्नाशी उलटलेला माणूस, पण टोपी हातात घेऊन असा उभा राहिला, जसं काही मास्तरांनी नाव घेतलंय.

इवन हा 'वेट स्लेट्स' या बँडचा गायक. त्यांच्या आजवरच्या नावाजलेल्या गाण्यांचा एकत्र अल्बम निघाला होता आणि ग्लासगोतल्या त्या रेकॉर्डच्या दुकानात बसून ते सह्या देत होते. आपल्याला काही जायचं नाही, असं डर्मट किती दिवस म्हणत होता. शुक्रवारी मी सकाळच्या प्रार्थनेहून परतले तर हा दाढी करून, चांगला कोट घालून दारात. "बर्नी, मासळी आणायला निघालीस ना? चल, येतो मी." मासळीवाला एका टोकाला, हे दुकान दुसऱ्या. मी दुकानाच्या दिशेनं वळले.

"असतोस कुठं रे म्हाताऱ्या?" इवननं विचारलं.

"तिथंच. इस्पितळाच्या लाँड्रीत."

"अजून? म्हणजे चादरी बडवतोस! चला, हात तरी चालू आहेत."

लोक हसले. डर्मटही हसला.

काठीची गोष्ट इथं सगळ्यांना ठाऊक आहे. 'शेवटची बोट' हे त्यांचं पहिलं गाणं आमच्या चर्चमागच्या सभागृहात ध्वनिमुद्रित झालं. ड्रमवर डर्मट होता. तिसऱ्या कडव्याच्या तोंडाशी त्याच्या हातून ड्रमची काठी निसटली. एक ठोका कोराच गेला, काठी लाकडी जमिनीवरून गडगडत गेली आणि दुसरी काठी उचलून त्यानं पुढचा ठोका बरोबर धरला. टेप संपत आली होती, म्हणून पोरांनी तेच ठेवलं. पुढं त्या कोऱ्या ठोक्यावर हजारो माणसं एकदम टाळी देऊ लागली. तोवर डर्मट मात्र बँडमध्ये नव्हता. आईचं अर्धं अंग लुळं पडलं. मी रात्रपाळीची नर्स, मला दिवसा झोप हवी, आणि आईला दिवसा माणूस. बँड जर्मनीला गेला, हा राहिला. आई त्यानंतर खूप वर्षं जगली, देवाची कृपा.

"'शेवटची बोट' आहे ना यात?" डर्मटनं विचारलं.

"नसेल कशी? पहिलंच आहे."

"मग त्यात…" तो टोपीची कड चाचपत राहिला. "त्यात मी आहे ना?"

इवनचं पेन थांबलं. तो मनानं वाईट नाही. आवाज खाली आणून म्हणाला, "जुनी कंपनी मूळ टेप देईना रे. भांडलो, वकील झाले, काही उपयोग नाही. शेवटी सगळी जुनी गाणी नव्यानं वाजवली. पण तुझी चूक जशीच्या तशी ठेवलीय हं! विचार याला."

शेजारी बसलेला रॉरी, त्यांचा आताचा ड्रमवाला, अर्धवट उठून उभा राहिला. "खरं सांगतो दादा, त्या ठोक्याला गप्प बसणं फार अवघड. हात आपोआप पडतो. किती घोटलं तेव्हा जमलं."

"मला लगेच जमलं होतं," डर्मट म्हणाला.

इवन टेबलावर हात आपटून हसला. अल्बमवर सही झाली, खाली 'काठी पाडणाऱ्यास, प्रेमानं' असंही आलं. मागचा माणूस पुढं सरकला. मासळी घ्यायची राहिली ती राहिलीच.

घरी बटाटे उकडले, तेवढ्यावर जेवलो. ईस्टरपर्यंत उपासाचे दिवस, म्हणून मी चहात साखर घेत नाही. त्या दिवशी त्यानंही घातली नाही, बहुधा लक्षात आलं नसावं. मग त्यानं स्वयंपाकघरातल्या टेबलावर रेकॉर्ड लावली. मी जपमाळ संपवून विणायला बसले होते. इस्पितळातल्या तान्ह्या बाळांसाठी रोज थोडी टोपी विणायची, हा माझा नेम आहे.

गाणं सुरेख वाजलं होतं. रॉरीचा हात स्वच्छ आहे. तिसरं कडवं आलं, कोरा ठोका आला आणि गेला. त्यात काठीची गडगड नव्हती. धुतलेल्या बशीसारखा लख्ख.

डर्मटनं पिन उचलली. "बरोबर धरलंय," तो म्हणाला. "अगदी बरोबर."

"हो."

"तुला काय कळतंय गं? तू कधी ऐकलंस का ते?"

"नाही बाई," मी म्हटलं. "माझ्या जपाच्या वेळेला लावायचास तू."

तो जरासा हसला. खिडकीशी जाऊन उभा राहिला, खाली अंगणात कुणाचे कपडे वाळत होते ते बघत राहिला. मग परत येऊन त्यानं तेच गाणं पुन्हा सुरू केलं आणि दोन्ही हात मांडीवर उपडे ठेवून बसला. पहिलं कडवं गेलं. दुसरं गेलं. बोटं हलत नव्हती. माझी एक सुई टोपीतून मोकळी होती, लाकडाची, जाडसर. तिसऱ्या कडव्याच्या तोंडाशी मी ती सोडली.

ती फरशीवर पडली, गडगडत शेगडीच्या पायापर्यंत गेली आणि थांबली.

डर्मट उठला नाही. गाणं शेवटपर्यंत वाजू दिलं. मग वाकून त्यानं सुई उचलली.

"उशिरा सोडलीस, बर्नी," तो म्हणाला. "किंचित."

मी हात पुढं केला, पण त्यानं ती दिली नाही. दुसरं गाणं लागलं, मग तिसरं. त्यांतलं एकही त्याचं नव्हतं. ती बाजू संपेपर्यंत तो बसून राहिला, सुई दोन बोटांत आणि अंगठ्यात सैलसर धरून.