सातवा ठोका

आठ गाण्यांपैकी सात झाली होती आणि आठव्यापाशी घोडं अडलं होतं. अडवणारी कोण, तर तोफ. म्हणजे बँडची ड्रमर. लहानपणी घरातली पातेली बडवायची म्हणून बाबांनी ठेवलेलं हे नाव तिला चिकटलं ते चिकटलंच. एरवी दहा वेळा विचारलं की ही तोफ एक शब्द काढायची.

अल्बम मेटलचा, पण धिंगाणा घालणाऱ्यातला नव्हे. एक माणूस धुक्यातून चालतोय, घर कुठल्या दिशेला ते त्याला ठाऊक नाही, एवढीच गोष्ट आठ गाण्यांत पसरलेली. गिटारी जड, खालच्या सुरात. पण मध्येच सगळं विरून जायचं आणि एकच तार कुठेतरी लांब वाजत राहायची. ऐकता ऐकता आपण बसलोय की तरंगतोय ते कळेनासं व्हायचं. स्टुडिओही त्याला साजेसा. भिंतींना जाड राखाडी फोम, एकच बंद खिडकी, बाहेर ढगाळलेला दिवस. सकाळ कधी संपली याचा पत्ता कुणालाच नव्हता.

शेवटचं गाणं अठरा मिनिटांचं, सात मात्रांचं. चार ठोके ठाम, दोन ओढलेले, मग सातवा. ही बाबांची चाल होती आणि हे तोफेने कुणालाही सांगितलं नव्हतं. बाबा लिफ्ट दुरुस्त करायचे. ती पाच वर्षांची असताना ते लिफ्टच्या खड्ड्यात पडले आणि डावा गुडघा कायमचा गेला. कामावरून उशिरा परतले की बाहेरच्या लांब व्हरांड्यातून त्यांची पावलं वाजायची, आणि ती अंथरुणात पडून मोजायची. चार, दोन, एक.

तीन महिन्यांपूर्वी बाबांचा गुडघा बदलला. आता ते कवायतीला निघाल्यासारखे एक-दोन, एक-दोन चालायचे. घरात सगळ्यांचा जीव भांड्यात पडला, तिचाही. फक्त तो सातवा ठोका कसा होता, ते ती साफ विसरली. आणि हे बोलणार कुणापाशी? बापाचं दुखणं बरं झालं आणि माझं गाणं बिघडलं, असं म्हणायला जीभ रेटत नव्हती.

सकाळपासून तिने सातवा ठोका हलका मारून पाहिला, जोरात मारून पाहिला, झांजेवर, ड्रमच्या कडेवर. शेवटी गिटारवाल्याने हेडफोन काढले.

"तोफे, चुकत काहीच नाहीये गं. पण हा माणूस चालत नाहीये, कवायत करतोय."

हा शब्द नेमका तिच्या जिव्हारी लागला.

"सहापर्यंत जागा आपली," रेकॉर्डिंगवाली बाई म्हणाली. "नाही जमलं तर सातच गाणी ठेवू. जगबुडी होत नाही."

त्या आठव्या गाण्यात तो माणूस घरी पोचायचा. ते गाळलं की बिचारा धुक्यातच राहिला.

तीनच्या सुमारास दार ढकलून बाबा आत आले. घामाघूम, पण चेहरा असा फुललेला की विचारू नका.

"चौथा मजला! जिन्याने आलो."

"लिफ्ट बंद आहे का, काका?" गिटारवाल्याने विचारलं.

"तिला काय धाड भरलीय? जन्मभर दुसऱ्यांना वर पोचवलं, आता मी चढतो!"

सगळे हसले. तोफ हसली नाही. ती त्यांना हाताला धरून बाहेरच्या बोळकांडीत घेऊन गेली आणि एका दमात सगळं सांगून मोकळी झाली. सांगताना तिचे कान तापले होते.

बाबांनी आपल्या गुडघ्याकडे पाहिलं.

"म्हणजे माझ्या लंगडण्याचं गाणं केलंस?"

"हो."

"आणि मी बरा झालो म्हणून ते अडलं."

"तसं नाही, बाबा." मग खाली बघून, "तसंच आहे."

बाबांनी भिंतीला हात लावला आणि पूर्वीसारखं चालून पाहिलं. जमेना. नवा गुडघा मुळी ऐकेचना.

"चार पावलं टाकायचो," ते म्हणाले. "मग कळ यायची, म्हणून दोन फरफटत. मग भिंतीला टेकायचो."

"आणि सातवं?"

"सातवं कुठलं? टेकून उभा असायचो म्हणतोय ना. पाऊल वाजणार कुठून?"

इतकी वर्षं तिने तिथे एक आवाज धरला होता. तिथे आवाज नव्हताच. बाबा होते, अंधारात, कळ सोसत उभे. तिला रडू फुटलं. बोळकांडीत उभी राहून ती हमसाहमशी रडली आणि बाबा तिच्या पाठीवर थोपटत राहिले.

मग ती आत गेली आणि तिने सातवी जागा रिकामी सोडली. चार ठाम, दोन ओढलेले, पुढे काही नाही. त्या रिकाम्या जागेत गिटारीचा सूर लांबत जायचा, सगळी खोली श्वास धरायची, आणि पुन्हा पहिलं पाऊल पडायचं. माणूस चालू लागला होता. अठरा मिनिटं कुणी हललं नाही. गाणं एकाच टेकमध्ये झालं.

बाबांनी ते हेडफोन लावून, जमिनीकडे बघत, पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकलं. संपल्यावर विचारलं, "इतकं उदास होतं का गं माझं चालणं?"

"लोकांना वाटेल उदास," तोफ म्हणाली. "मला त्यावर झोप लागायची, बाबा. तुम्ही आलात एवढं कळलं की लागायची."

बाबांनी हेडफोन पुन्हा कानांवर चढवले.