वहिनीची पिशवी खिडकीत बसली

आमच्या बस-स्टॉपवर माणसं रांगेत उभी राहत नसत. रांगेत राहायच्या त्या त्यांच्या वस्तू. स्टॉपला एके काळी छप्पर होतं. ते एका वादळात उडालं आणि माझ्या माहितीप्रमाणे आजही पलीकडच्या कुठल्यातरी गावात सुखाने नांदतंय. तेव्हापासून येईल त्याने आपली पिशवी, डबा, हेल्मेट, जे हाताशी असेल ते फुटपाथवर मांडायचं आणि समोरच्या लाँड्रीच्या पत्र्याखाली सावलीत जाऊन उभं राहायचं. बस लागली की आपापल्या वस्तूपाशी यायचं, ती उचलायची आणि त्याच क्रमाने चढायचं. एक शिंपी होता. जवळ काही नसलं की तो डाव्या पायातला बूट काढून रांगेत ठेवायचा आणि पत्र्याखाली बगळ्यासारखा एका पायावर उभा राहायचा.

कुणी कुणाच्या वस्तूला हात लावत नसे. एकदा एक भुरटा चोर तिथे आला. उघड्यावर मांडलेला तो खजिना पाहून त्याचे डोळे भरून आले. बराच वेळ तो मनाशी झगडला आणि शेवटी त्याने आपली पिशवी सगळ्यांच्या मागे रांगेत ठेवली. हे मी स्वतः पाहिलेलं नाही, पण सांगतोय कोण ते बघा.

रांगेत पहिली पिशवी असायची माझ्या थोरल्या वहिनीची. हिरवी, जाड कापडाची, एक बंद तुटल्यावर निळ्या पट्टीने शिवलेला. वहिनी कवळ्या बनवणाऱ्या कारखान्यात कामाला होती. अर्धं शहर तिने घडवलेल्या दातांनी हसायचं आणि उरलेलं अर्धं तिच्यासमोर हसायला घाबरायचं. मी त्याच बसने माझ्या किल्ल्यांच्या दुकानात जायचो. बसायचो तिच्या मागच्या सीटवर, कारण शेजारी बसलं की ती दात तपासायची.

वहिनीला पहिला नंबर हवा असायचा तो खिडकीसाठी. दाराच्या बाजूची, अगदी पुढची खिडकी. बस मोठ्या वळणावर आली की तिथून तिच्या लेकीची गॅलरी दिसायची. तुम्ही म्हणाल, आईचं काळीज! काळीज कसलं? दोघींचं बोलणं बंद होतं.

झालं होतं असं, की लेकीने नव्या घराला पडदा घेतला आणि हौसेने आईला दाखवला. वहिनीने तो निरखला आणि म्हणाली, "रंग अगदी खोकल्याच्या औषधाचा आहे गं."

लेक कुणाची? ती म्हणाली, "मग माझ्या घरी येताना डोळे मिटून येत जा."

"येतंय कोण?" वहिनी म्हणाली आणि चप्पल घालून निघाली. ती परत त्या जिन्यावर चढली नाही.

आता नुसतं अबोला धरणं काय, घरात बसूनही जमतं. पण वहिनीचं म्हणणं, आपला राग समोरच्याला दिसला नाही तर तो फुकट जातो. म्हणून रोज सकाळी वळण आलं, बस मंदावली, की वहिनी खिडकीत ताठ बसायची आणि मान फाडकन दुसरीकडे फिरवायची. वर गॅलरीत लेक तोच पडदा, धुतलेला असो नसो, दोरीवर वाळत घालत पाठमोरी उभी! एकमेकींकडे न बघण्यासाठी दोघीही एक दिवस चुकवत नसत. नवराबायको भेटायलासुद्धा इतक्या वेळेवर येत नाहीत.

वळण गेलं की वहिनी मागे वळून मला म्हणायची, "भावोजी, आज लंगडत नव्हती. पाय बरा झाला वाटतं."

"तुम्ही बघितलंत?"

"मी कशाला बघतेय! मान तिकडे होती माझी."

तेव्हा ती खिडकी गेली असती, तर वहिनीकडे लेकीचं म्हणून काहीच उरलं नसतं. रागसुद्धा नाही. हे मला ठाऊक होतं, तिला ठाऊक होतं, आणि बसमधल्या सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणून ती थोडी उशिरा आली तरी पहिल्या पिशवीची जागा लोक मोकळी सोडायचे.

अशात आमच्या गल्लीत एक निवृत्त पोस्टमास्तर राहायला आले. माणूस सज्जन, पण नियमांचा किडा. त्यांची छत्री ही लांब, काळी, जहाजाच्या शिडासारखी. रोज वाचनालयात फुकटची वर्तमानपत्रं वाचायला जायचे आणि त्यांनाही वाऱ्यासाठी पुढचीच खिडकी हवी. पहिल्याच सकाळी त्यांनी आमची पद्धत समजून घेतली, मान डोलावली आणि वहिनीच्या पिशवीशेजारी छत्री आडवी ठेवली. ती अशी, की मूठ पिशवीच्या मागे आणि टोक पिशवीच्या पुढे.

वहिनी पत्र्याखालून बघत होती. "अहो मास्तर, छत्री मागे घ्या."

"मागेच आहे. मूठ बघा."

"मूठ काय बघायची? टोक पुढे गेलंय."

"छत्री मुठीने धरतात, बाई. टोकाने नाही."

"म्हणजे उद्या मी बस-स्टॉपपासून बसच्या दारापर्यंत दोरी टाकीन आणि म्हणेन, हे टोक माझं!"

"टाका की. दोरीला मूठ असते का?"

लाँड्रीवाला इस्त्री हातात धरून ऐकत राहिला. त्याच्या टेबलावर कुणाच्यातरी शर्टाला भोक पडलं, पण त्याने मान वळवली नाही. शिंपी एका पायावरून मास्तरांच्या बाजूने बोलू लागला, तर वहिनीने त्याला विचारलं, "तुमचा बूट मोजायचा तो टाचेपासून की नाकापासून?" त्याने वाकून उरलेल्या बुटाची टाच चाचपली. पत्र्याखाली दोन पक्ष पडले, मूठवाले आणि टोकवाले. मी वहिनीचा दीर, म्हणून टोकवाला, नाहीतर मनातून मला मूठच पटली होती.

आणि या गोंधळात बस येऊन लागली. कुणीही तिकडे बघितलं नाही.

कंडक्टर त्या दिवशी नवा होता. सबंध हयात त्याने पार्सल खात्यात काढली होती. माणूस म्हणजे काय ते त्याला फारसं ठाऊक नव्हतं, सामान मात्र तो आईच्या मायेने हाताळायचा. तो उतरला. बघतो तर स्टॉपवर माणूस नाही, आणि फुटपाथवर ओळीने लावलेल्या वस्तू. त्याला वाटलं, काय शिस्तीचं गाव आहे! त्याने पहिली पिशवी उचलली आणि पुढच्या खिडकीशी बसवली. (पार्सलवाल्याने एका नजरेत निकाल दिला होता, पण तो ऐकायला तिथे कुणी नव्हतं.) तिच्या शेजारी छत्री टेकून ठेवली. मग डबा, हेल्मेट, बूट, सगळ्यांना क्रमाने जागा दिल्या. शेवटी डबल बेल मारली. ड्रायव्हर पाठीमागे बघणं अपशकुन मानणारा. बेल ऐकली की निघाला.

पुढच्या स्टॉपवर लोक चढायला लागले तर कंडक्टरने हात आडवा केला. "फुल्ल आहे. मागची येतेय."

"अहो, त्या सीटवर बूट बसलाय!"

"रांगेतून आलाय तो. तुम्ही होतात का रांगेत?"

हे मला नंतर त्याच कंडक्टरने सांगितलं. मी त्यात घातलेली भर त्याला इतकी आवडली, की आता तोही ती सांगतो.

इकडे पत्र्याखाली पहिल्यांदा शुद्धीवर आला तो शिंपी, कारण त्याला पाय टेकायचा होता. "माझा बूट?" तो ओरडला. फुटपाथ रिकामा. बसचं बूड लांब कोपऱ्यावर वळताना दिसलं. पुढे जे झालं तशी धाव त्या शहराने पुन्हा पाहिली नाही. सगळ्यात पुढे वहिनी, मागे मास्तर, मग मी, आणि मागून शिंपी, लंगडी घालत. लंगडीतही त्याने मला मागे टाकलं.

"भावोजी," वहिनी धापा टाकत म्हणाली, "वळण येईल."

"येऊ दे ना!"

"खिडकीत मी नाहीये. तिला वाटेल, आईने राग सोडला. नाहीतर वाटेल..." तिने चप्पल हातात घेतली आणि नुसती पळाली. तिचे गुडघे रोज जिन्यात कुरकुरायचे, ते त्या दिवशी एक शब्द बोलले नाहीत.

बस वळणावर मंदावली तेव्हा गॅलरीत लेक पडदा झटकून पाठ फिरवायच्या तयारीत होती. तिने सवयीने कोपऱ्यातून खाली बघितलं. खिडकीत आईची हिरवी पिशवी. निळ्या पट्टीची. आई नाही. आणि पिशवीला खेटून एक पुरुषाची काळी छत्री.

आता यातून काय अर्थ काढायचा? एकतर आई गेली. नाहीतर आई कुणाबरोबर तरी गेली. लेकीला दोन्ही सहन होण्यासारखं नव्हतं. ती हातातल्या पडद्यासकट जिना उतरली आणि बस आली होती त्या दिशेने धावत सुटली.

दोघी समोरासमोर आल्या त्या रस्त्याच्या मधोमध. एकीच्या खांद्यावर पडदा, दुसरीचं तोंड घामाने भिजलेलं. आजूबाजूच्या गाड्या थांबल्या. हॉर्न वाजवायचंही कुणाला सुचेना.

"आई!"

"मेले नाहीये," वहिनी म्हणाली. "बस चुकली."

"मग पिशवी कशी गेली?"

"ती वेळेवर होती."

लेक हसायला लागली, मग रडायला लागली, आणि रडता रडता तिने हाताशी होतं त्याने आईचं तोंड पुसलं.

"अगं, या रंगाने तोंड पुसतेस?" वहिनी पडद्यातून म्हणाली.

"गप्प बस. घाम आहे, नुसता घाम." पण ती पुसत राहिली, आणि वहिनीनेही तोंड बाजूला घेतलं नाही. तिला तोंड बाजूला घेण्याची रोजची सवय होती, तरी.

तेवढ्यात मास्तर पोचले, छातीवर हात धरून. "बाई, माझी छत्री..."

"हे कोण?" लेकीने डोळे बारीक केले.

"रांगेतले आहेत," वहिनी म्हणाली. "माझ्यामागचे."

मास्तरांचा इतका दम गेला होता, की त्यांना मुठीचा मुद्दा काढता आला नाही.

सामान शेवटच्या स्टॉपवर सुखरूप मिळालं. कंडक्टरने ते आल्या क्रमाने ओळीत मांडून ठेवलं होतं, फक्त शिंप्याचा बूट तेवढा पुसून. सगळ्यांनी त्याला शिव्या दिल्या आणि शिंप्याने मिठी मारली.

दुसऱ्या दिवशी मी स्टॉपवर आलो तर नवल. वहिनीची पिशवी दुसरी. छत्री पहिली, टोक आणि मूठ दोन्ही पुढे.

"वहिनी, हे काय?"

"घेऊ द्या मास्तरांना खिडकी. मला वळणावर उतरायचंय. लेकीकडे चहा घेऊन मागच्या बसने जाईन. दारापाशी उभं राहिलेलं बरं."

मास्तर खिडकीत बसले. वारा लागला, मिशा हलल्या, माणूस खूश. वळण आलं. गॅलरीत लेक या खेपेला तोंड रस्त्याकडे करून उभी, हात हलवत, आणि शेजारी दोरीवर तो पडदा. मास्तरांनी चष्मा सारखा केला.

"काय हो हा रंग! अगदी खोकल्याच्या औषधाचा."

वहिनी पायरीवर उतरली होती. ती परत वर चढली.

"माझ्या लेकीचा पडदा आहे तो, मास्तर! नजर मागे घ्या. उद्यापासून खिडकी माझी!"

ड्रायव्हर बेलची वाट बघत राहिला. त्याने मागे वळून बघितलं नाही, पण आरशात त्याचा चेहरा दिसत होता. दात वहिनीनेच केलेले, आणि सगळे बाहेर.