सातव्या भावाची वाट

आमच्या लॉजचा, म्हणजे फ्रीमेसन या जुन्या बंधुसंघटनेच्या शाखेचा, एक नियम आहे. कोणालाही ‘आमच्यात या’ म्हणायचं नाही. माणसानं स्वतःहून विचारलं पाहिजे. लोकांना वाटतं, फ्रीमेसन मंडळी गुपचूप माणसं जाळ्यात ओढतात. मी बारा वर्षं सेक्रेटरी आहे. ओढायचं सोडा, दारात उभ्या असलेल्या कुरियरवाल्याला आत बोलावतानाही माझी जीभ अडखळते.

दुसरा नियम सातांचा. सात भाऊ हजर नसतील तर आमच्या लॉजची सभा भरत नाही. आम्ही एकमेकांना भाऊ म्हणतो. वय सत्तर झालं तरी म्हणतो. एप्रिलमध्ये वामन मुलीकडे कॅनडाला गेला आणि आम्ही सहा उरलो. संघटनेच्या वरच्या कचेरीतून पत्र आलं : जूनअखेर सातवा मिळाला नाही तर सनद परत करा. बाकीच्या पाचांना नातवंडं आहेत. तळोज्याच्या कारखान्यातून मी निवृत्त झालो त्याच वर्षी बायको गेली. महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी काळा कोट घालून जायला मला जगात ही एकच जागा आहे, आणि ती जाणार म्हटल्यावर मला झोप लागेना.

म्हणून आम्ही एक रविवार लॉज सगळ्यांसाठी खुलं ठेवायचं ठरवलं. घणसोली गावात देवजीशेठच्या घराचा पहिला मजला आमच्याकडे आहे. खाली त्यांचं बिऱ्हाड, वर आम्ही. देवजीशेठ मूळ गावातले. भातशेती होती तिथे आता टॉवर आहेत. ते स्वतः मात्र जिन्याच्या पायथ्याशी प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसलेले असतात. जागा आम्हाला दिल्यापासून ते कधी वर आले नाहीत. मला वाटायचं, भला माणूस, भाडेकरूंच्या भानगडीत पडत नाही.

पोस्टर त्यांच्याच भिंतीवर लावलं. ‘फ्रीमेसनरी म्हणजे काय? पाहा. विचारा. सर्वांचे स्वागत.’ त्यातला ‘विचारा’ मी मुद्दाम जाड अक्षरात छापून घेतला होता.

लोक आले, आणि त्यांनी विचारलं. काय वाटेल ते विचारलं. आकाश नावाचा एक इंजिनिअर मोबाइलवर व्हिडिओ पाहून तयारीनिशी आला होता.

“जग तुम्हीच चालवता ना, सर?”

“पाण्याची मोटार मंगळवारपासून बंद आहे,” मी म्हणालो. “आधी ती चालवू.”

त्यानं ते वहीत लिहून घेतलं.

रंजिता नावाच्या शिक्षिकेनं विचारलं, “तुमच्यात बायका नाहीत? मग चहा कोण करतं?”

“आम्हीच.”

“तरीच,” म्हणून तिनं कप खाली ठेवला.

कळंबोलीच्या एका लोखंडवाल्यानं मेंबर झाल्यावर किती ऑर्डरी मिळतात ते विचारलं. एकही नाही म्हटल्यावर त्यानं दुसरा समोसा घेतला आणि निघून गेला. आमच्या विधींत बोकड असतो अशी अफवा आहे, म्हणून दोघांनी तो कुठे बांधलाय ते विचारलं. एका जोडप्यानं काळ्यापांढऱ्या चौकडीच्या फरशीवर फोटो काढले. ‘मला यायचंय, काय करावं लागेल?’ असं मात्र कोणी विचारलं नाही.

मी तीनदा खाली जाऊन पाण्याचे जार आणले. देवजीशेठ कडक इस्त्रीचा पांढरा सदरा घालून बसले होते आणि येणाऱ्याजाणाऱ्याला हात करून वर पाठवत होते.

“सातवा गावला का?” दर खेपेला त्यांनी विचारलं.

“नाही अजून,” दर खेपेला मी सांगितलं आणि घाईनं वर गेलो.

पाच वाजता आमचे मास्टर, म्हणजे लॉजचे प्रमुख, चंद्रशेखर यांनी विधीचा एप्रन सोडला. “त्रेचाळीस माणसं आली, कमळाकर. सगळं विचारून गेली.” मग म्हणाले, “चावी देऊन ये. जूनपर्यंत थांबण्यात काय अर्थ आहे?” मला त्यांचा राग आला. पण त्यांचं खरं होतं, म्हणून आणखी राग आला.

मी खाली जाऊन चावी पुढे केली. “देवजीशेठ, जागा दुसऱ्या कोणाला तरी द्या आता.”

त्यांनी चावी घेतली नाही. “एवरी मानसं मी वर धाडली. त्यातला येक पन नाय?”

“एकही नाही. तुमचे मात्र फार उपकार झाले.”

इथे मी गप्प बसायला हवं होतं. मालतीबाई, त्यांची बायको, बोंबील निवडता निवडता ताट घेऊनच उंबऱ्यात आल्या.

“उपकार कसले? सकालधरनं सदरा घालून बसलाय म्हातारा. आजच नाय, तुमच्या दर शनवारी बसतो. आता बोलावतील, मंग बोलावतील.”

“अहो, पण पोस्टरवर लिहिलंय ना, सर्वांचे स्वागत.”

“तो कागद रस्त्यानं जानाऱ्यांना. घरच्या मानसाला कोन कागद दाखवतं? आमच्यात लगीन असू दे नायतर बारसा, उंबऱ्यात येऊन नाव घेऊन सांगितल्याबिगर कोन पाऊल टाकत नाय.”

देवजीशेठ रस्त्याकडे बघत म्हणाले, “मना वाटला, शिकलेली मानसं. आमच्यातला नको असंल.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बारा वर्षं मी या माणसाला नमस्कार करून वर जात होतो आणि एप्रिलपासून सातव्या माणसाची काळजी करत बसलो होतो.

“शेठ, आम्हाला बोलवायला बंदी आहे,” मी म्हणालो. “ज्याला यायचंय त्यानंच विचारायचं, असा नियम आहे.”

“आनि आपून होऊन इचारायला आमाला लाज वाटते,” देवजीशेठ म्हणाले.

नियम मोडून सरळ बोलवावं असं मला मनापासून वाटलं, आणि मी तोंड उघडलंही.

“मंग इचारा की!” मालतीबाई नवऱ्यावर खेकसल्या. “तोंड हाय ना?”

देवजीशेठ उठले. सदऱ्याचं वरचं बटण लावलं. माझ्याकडे न बघता जिन्याकडे बघत त्यांनी विचारलं, “कमलाकर साहेब, मना घेतील का?”

मी चावी खिशात टाकली. वर चंद्रशेखर खुर्च्या एकावर एक रचत होते, त्याचा आवाज खाली येत होता. मी जिन्यातूनच ओरडलो, “मास्टर, एक खुर्ची राहू द्या.”