दुबूला ऊब वरून हवी

बशीएवढा दुबू घरी आला त्याच दिवशी मी नवऱ्याला बजावलं, “टीव्ही हलव, तिथे कासवाचं घर होणार!” फळ्या मीच कापल्या, मीच ठोकल्या. पेटीत वीतभर माती भरली, लपायला कौलाचा तुकडा ठेवला. हात नुसते शिवशिवत होते.

पण जागा सासूबाईंनी बदलली. आमच्या इथे, कोरियातल्या जोंजूत, थंडीत घराची जमीन खालून तापवतात, आणि सगळ्यात गरम कोपरा घरातल्या थोरल्या माणसाचा. आमच्याकडे तो सासूबाईंचा. त्या चक्क तिथून उठल्या.

“कासव शंभर वर्षं जगतं. मग थोरला कोण? ठेव इथे.”

दुबूने माती उकरली, आत शिरला आणि तसाच मागे फिरला. पुन्हा शिरला, पुन्हा बाहेर. मी मातीत हात खुपसला आणि ओरडलेच, “अहो आई, कासव गारव्यासाठी खाली जातं, आणि आपण खालीच चूल पेटवलीय! याला ऊब वरून हवी, उन्हासारखी!”

“आम्ही जन्मभर खालूनच शेकतोय,” सासूबाई फणकारल्या. “मेलो का?”

मी ऐकते कसली! पेटी टेबलावर चढवली, वर दिवा टांगला. दुबू दिव्याखाली आला आणि चारी पाय पसरून निवांत पडला. मी टाळ्याच पिटल्या!

सासूबाई बराच वेळ बघत राहिल्या. मग जन्मात खुर्चीवर न टेकलेल्या त्या बाईने खुर्ची ओढली आणि दुखरा गुडघा दिव्याखाली सरकवला.

“आजोबा,” त्या दुबूला म्हणाल्या, “जरा सरका की!”