चौथ्या कोपऱ्यातला घास

मित्रांनो, मी एक जुनी वाकळ आहे, आणि सुरुवातीलाच सांगून टाकते, मला अंबूबाईचं वागणं पटत नाही. माणसानं वाकळ अंगावर घ्यावी, कूस बदलावी आणि निजावं. ही बाई मला ओढते, लाथाडते, पायाशी गोळा करते, परत हुडकते आणि सकाळी साऱ्या घराला ऐकवते, "ह्या वाकळंनं मला झोपू दिलं न्हाई." मी झोपू दिलं नाही? माझ्याखाली ह्या घरातल्या तीन पिढ्या घोरल्या!

माझा जन्म वाळवा तालुक्यातल्या एका गावचा. अंबूबाईची सासू चंद्राबाई, तिनं मला एका उन्हाळ्यात अंगणात अंथरून शिवलं. तिची दोन विटलेली लुगडी, सासऱ्याचं धोतर आणि मधे जुन्या चोळ्यांचे तुकडे. चार कोपऱ्यांवर चार धोंडे ठेवले आणि पंधरा दिवस बाई ओणवी बसून टाके घालत राहिली. तिला अक्षर येत नव्हतं, पण टाका असा सरळ की शाळामास्तरनं रेघ मारावी. शिवताना तिचं तोंड सारखं चालू असायचं. ती जीभ थोडी माझ्यातही शिवली गेली, तेव्हा माझं बोलणं टोचलं तर राग मानू नका.

आमच्याकडे एक रीत आहे. वाकळेचा चौथा कोपरा बंद करायच्या आधी त्यात भाकरीचा घास घालतात. चंद्राबाईनं ज्वारीच्या भाकरीचा कोरभर तुकडा आत सरकवला आणि म्हणाली, "खा बाई पोटभर. उपाशी वाकळ माणसाची झोप खाती." मग गाठ मारली.

पुढची वर्षं सुखाची गेली. अंबूबाईचा पोरगा जोतिबा माझ्यावरच रांगला, माझ्यावरच मुतला. दर वर्षी घटस्थापनेच्या आधी मला कृष्णेत बुडवून खडकावर आपटायचे, आणि मी काठावर वाळत पडले की बायका थांबून बघायच्या. शेजारची गुणमाला, पेठेतल्या दुकानदाराची बायको, एकदा म्हणाली, "काकू, टाके हायत का मोती?" चंद्राबाई म्हणाली, "मोती असतं तर तुमच्या दुकानात ठिवलं असतं." अंबूबाईचा नवरा लवकर वारला, पण तिला झोप कशी म्हणाल तर डोकं टेकलं की गेली. उलट ती दुसऱ्यालाच नावं ठेवायची. कुणी म्हणालं, रात्री डोळा लागला नाही, तर म्हणायची, "कामचुकाराला कसली झोप? दोन पाट्या शेण जादा टाक, लागतीया बघ."

मग एकाहत्तर साल आलं. जोतिबा पलटणीत होता आणि डिसेंबरात लढाई लागली. गुणमालेच्या घरी रेडिओ होता. संध्याकाळी बातम्या ऐकून अंबूबाई घरी यायची आणि माझ्याखाली टक्क डोळ्यांनी पडायची. तेरा रात्री ती जागली. आईच ती, जागणारच. त्या रात्रींची माझी तक्रार नाही.

लढाई संपली. शिमग्याला जोतिबा धडधाकट घरी आला. उन्हाळ्यात मेढ्याकडची लीलाबाई त्याला करून आणली, आणि तो परत गेला, आसामात. पोरगा आला, सून आली, पण अंबूबाईची गेलेली झोप काही परत आली नाही.

आता तिला पोराची काळजी नव्हती, झोपेची होती. दिवेलागण झाली की तिचं तोंड उतरायचं. 'आज लागंल का?' हे तिचं चालू. लागावी म्हणून कोंबड्यांच्या आधी अंथरुणात शिरायची. छातीवर मी असायचे, म्हणून मला कळायचं, आत नुसता उखळ-मुसळाचा आवाज. जरा ग्लानी आली की 'आली वाटतं' म्हणून डोळे उघडून बघायची! आलेला पाव्हणा दारात असताना तोंडावर कंदील धरल्यावर तो आत येईल का? पहाटेची पहिली एस.टी. गेली की उठायची आणि प्रत्येकाला विचारायची, "तुला लागली?" कुणी हो म्हणालं की दिवसभर त्याच्यावर डूख.

गुणमालेनं जायफळ दिलं, ते दुधातून झालं. डोक्याला ब्राह्मीचं तेल झालं. मिरजेच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि सांगितलं, "बाई, झोपेची काळजी सोडा, झोप आपोआप येईल." ही घरी येऊन म्हणाली, "काळजी सोडाया ती काय म्हस हाय? दावं सोडलं की गेली?"

शेवटी खापर माझ्यावर. जोतिबाच्या लग्नाच्या वर्षी उंदरानं माझा चौथा कोपरा कुरतडला होता. लीलाबाईनं नवा घास घालून तो शिवला होता, आणि काम चांगलं केलं होतं पोरीनं. अंबूबाईला ते आठवलं.

"घास तू घाटलास व्हय गं?"

"व्हय आत्याबाई. तुमीच म्हनला हुता, शीव म्हनून."

"शीव म्हनले, चारायला न्हवतं सांगितलं. तुझं खाल्लं, तुझी झाली. म्हनून तू मेल्यावानी झोपतीस आन मी जागी."

तिनं माझा कोपरा उसवला, लीलाबाईचा घास उकिरड्यावर फेकला आणि माझी मर्जी राखायला स्वतःच्या हातानं पुरणपोळी भरली. पुरणपोळी! रात्री मुंग्यांची रांग लागली. त्या मला चावल्या, तिला चावल्या, आणि सकाळी दोष परत माझाच.

तेव्हा तिच्या डोक्यात ते शिरलं. ती लीलाबाईला म्हणाली, "घरात झोप एकच आसती. ती तुज्याकडं गेलीया. तू जागी राहा, म्हंजे ती माज्याकडं येईल."

लीलाबाईला वाटलं, सासू चेष्टा करते. पण त्या रात्री अंबूबाईनं तिला पायाशी बसवलं, हातात काशाची वाटी दिली आणि तळपायाला तूप लावून घासायला सांगितलं. पोर डुलली की पायाच्या अंगठ्यानं बरगडीत ढोसणी. आणि मित्रांनो, दैवाची खोड बघा, त्या रात्री अंबूबाईला दोन तास झोप लागली. लागायची वेळच झाली होती, दुसरं काही नाही. पण तिची खात्री पटली.

मग रोज. दिवसा लीलाबाई शेतात भांगलण करायची, धारा काढायची, भाकऱ्या थापायची आणि रात्री वाटी फिरवायची. अंबूबाईला पुन्हा काही झोप लागली नाही. तिनं हिशेब असा लावला, की पोर कुठंतरी चोरून झोपत असणार. म्हणून ती लीलाबाईच्या डोळ्यांत बघत पडायची. दोघी एकमेकींकडे बघत, रात्रभर. एकदा पोरीनं पाया पडून विनवलं, "आवं आत्याबाई, घटकाभर पडू द्या. हात पाय कापत्यात."

"कापू देत. माजं काळीज कापतंय, ते न्हाई दिसत?"

चंद्राबाई बाहेर सोप्यात पडून सगळं ऐकत होती. ती का बोलली नाही? तिच्या सासूनं तिला असंच राबवलं होतं आणि तिनं अंबूबाईला. तिला वाटलं, चालायचंच. आणि मी? मी पांघरूण, मी ऊब देत राहिले, तीही नको त्या बाईला.

बाराव्या दिवशी सकाळी, लख्ख उजेडात, लीलाबाई कडबा कापायच्या यंत्रावर होती. कामाला येणारी बनाबाई चाक फिरवत होती, लीलाबाई पेंडी पुढं सारत होती. बनाबाईनं नंतर सांगितलं, "पोरीचं डोळं उघडं हुतं, पर ती आत न्हवती." कडब्याबरोबर उजवा हात पात्यात गेला. मधली दोन बोटं गेली.

बैलगाडीनं रस्त्यापर्यंत, तिथून एस.टी.नं मिरजेला. पुरे आठ दिवस ती तिथं होती. भेटायला गेलेली बनाबाई सांगत आली, "पोरगी नुसती झोपतीया. नर्सबाई जेवायला उठवतीया, की दोन घास खाऊन परत झोपतीया." दोन बोटं देऊन तिनं झोप विकत घेतली होती.

नवव्या दिवशी सांजचं लीलाबाई हाताला पट्टी बांधून दारात उभी राहिली. अंबूबाई माझ्याखाली पडूनच होती. तिनं मान वर केली, पट्टीकडे बघितलं आणि म्हणाली, "आता वाटी कोन फिरवनार?"

सोप्यातून काठी वाजली. चंद्राबाई उठून आत आली. ऐंशीची बाई, कमरेत वाकलेली, पण तिनं मला अंबूबाईच्या अंगावरून एका हिसक्यात ओढलं, भिंतीकडेला अंथरलं आणि लीलाबाईला माझ्यावर निजवलं. मी अर्धी तिच्या खाली, अर्धी वर. मग माझा चौथा कोपरा दातानं उसवला, पुरणाचा वाळका खडा काढून टाकला आणि लीलाबाईसाठी वाढून आणलेल्या भाकरीचा तुकडा आत घालून गाठ मारली.

"आत्याबाई, आवं मला झोप न्हाई तीन वर्सं!" अंबूबाई रडायला लागली.

"ठावं हाय मला. तुझं दुखनं खरं हुतं गं. म्या तुला मांडीवर घेटलं आसतं. पर तू दुखनं वाटाया गेलीस, आन म्या मुडद्यावानी बघत पडले. माझं मी भोगीन. तू ऊठ. जागायची सवय हाय न्हवं तुला? हा पंखा घे. पोरीच्या पट्टीवर माशी बसली तर बघ."

अंबूबाई पंखा घेऊन बसली. काय करते? घर पहिल्यापासून चंद्राबाईचं, चाव्या कुणाकडंही असोत.

मित्रांनो, रात्र सरेपर्यंत माझं गाऱ्हाणं ऐकून घ्या. वाकळेला ऊन दाखवा, वर्षातून एकदा धुवा, उसवली की लगेच टाका घाला. आणि झोप येत नसेल तर तिच्या मागं पळू नका. उठून बसा, शेंगा फोडा, वाती वळा. आपली झोप दुसऱ्याच्या डोळ्यांत तर अजिबात शोधू नका. माझ्या फाटक्याला ठिगळ लावता येतं, माणसाच्या तुटक्याला येत नाही.

लीलाबाई माझ्यात शांत श्वास घेत होती. अंबूबाई पंखा हलवत होती. आज तिला झोपायचंच नव्हतं, झोपायची मुभाच नव्हती. म्हणून 'आज लागंल का' हे तिच्या मनातही आलं नाही. पहाटेच्या एस.टी.चा आवाज लांबून आला तेव्हा पंखा थांबला होता. अंबूबाईची मान छातीवर पडली होती, तोंड उघडं, आणि घशातून बारीक घरघर येत होती. तीन वर्षांत पहिल्यांदाच, न बोलावता, ती आली होती.

चंद्राबाईही जागीच होती. तिनं काठीचं टोक सुनेच्या बरगडीत ढोसलं, बरोबर तिथंच, जिथं लीलाबाईला अंगठा बसायचा. अंबूबाई दचकून उठली.

"ऊठ अंबे. तीन वर्सं हिलाच हुडकत हुतीस न्हवं? आली बघ. आता तिला म्हनावं, पलीकडं जा, लीलाकडं. त्या पोरीची दोन बोटं परत उगवली, की मग तू नीज."