चार तारांचं माप

लातूर जिल्हा होऊन पाच महिने झाले होते आणि त्या वर्षी पावसानं पाठ फिरवली होती. नळाला चौथ्या-पाचव्या दिवशी पाणी यायचं. तरी गंजातल्या, म्हणजे मोठ्या बाजारपेठेतल्या, व्यापाऱ्यांनी ठरवलं, नव्या जिल्ह्यातला पहिला सव्वीस जानेवारी ऑर्केस्ट्रा लावून साजरा करायचा. ऑर्केस्ट्रा व्यंकटचा. पण त्याचा बास वाजवणारा दिवाळीनंतर गिटार घेऊन हैदराबादला निघून गेला होता. गावात दुसरी बास गिटार एकाच घरी होती, संगप्पांच्या.

ती त्यांच्या मुलाची, शरणप्पाची. मस्कतला नोकरीला जाताना तो ती धाकट्या बहिणीला देऊन गेला होता. जायच्या आधी दोन वर्षं त्यानं कमलम्माला रोज शिकवलं होतं. ती आता सव्वीस वर्षांची, नव्या जिल्ह्याच्या एका कचेरीत टायपिस्ट.

व्यंकट घरी आला. "अप्पा, आठ दिवस गिटार द्या. जपून वापरतो."

"वाजवणार कोण?" कमलम्मानं दारातूनच विचारलं.

"आमच्यातला मडिवाळप्पा शिकून राहिलाय."

"आठ दिवसांत? मला येतं वाजवायला. गिटार पाहिजे तर मी पण येते."

व्यंकट हसला. "अक्का, तुम्ही गाणं म्हणा. जाड तारा दाबणं बाईमाणसाचं काम न्हाई."

"पाच कार्बन घालून दिवसभर टाइप करते मी. बोटांचं मला नका सांगू."

संगप्पा म्हणाले, "घरात वाजव. मांडवात न्हाई."

"शरणप्पानं मांडवातच वाजवली की, अप्पा."

संगप्पांनी खांद्यावरचं उपरणं झटकलं आणि बाहेर निघून गेले. हो म्हणाले नाहीत, पण परत नाहीही म्हणाले नाहीत.

व्यंकटला दुसरा इलाज नव्हता. पण गिटारीच्या तारा गंजल्या होत्या, सगळ्यात जाड तार तर तुटलेलीच होती. हैदराबादला गेलेल्या माणसानं मागं ठेवलेलं तारांचं नवं पाकीट व्यंकटनं तिला दिलं. गंजातल्या एका गोदामात तालमीच्या दिवशी सगळ्यांसमोर ती तारा बसवायला लागली. जाड तार घोडीच्या मागच्या भोकातून ओवून तिनं वर आणली, तर तारेचा जाड भाग मध्येच संपला. वरच्या पडद्यांवर नुसतं रेशीम गुंडाळलेलं बारीक शेपूट आलं आणि खुंटीला कसाबसा एक वेढा पडला. घाईत तिनं तशीच ती ताणली. तार सटकली आणि मनगटावर चाबकासारखी बसली.

पोरं हसली. व्यंकट म्हणाला, "सांगितलं व्हतं की न्हाई?"

मनगटावर लाल वळ उठला होता. तिनं तो चोळलासुद्धा नाही. तार उचलून गिटारीवर आडवी धरली. "हातात काही कमी न्हाई. तार आखूड हाय. हैदराबादला गेला त्याची गिटार हिच्यापेक्षा चार इंचांनी लहान व्हती. मी आधी मोजायला पाहिजे व्हतं, तेवढं चुकलं. रविवारी नांदेडहून आणते."

घरी तिनं शिवणाचा दोरा घेतला. घोडीच्या मागच्या भोकापासून वरच्या खाचेच्या पट्टीपर्यंत मोजून एक गाठ मारली, तिथून जाड तारेच्या खुंटीपर्यंत दुसरी. बारीक तारेची खुंटी सगळ्यात लांब, तिच्यासाठी तिसरी.

रविवारी ती एसटीनं निघाली. वाटेत लोह्याच्या स्टँडबाहेर टँकरपाशी घागरींची रांग पार रस्त्यापर्यंत आली होती. नांदेडला हणमंतरावांचं वाद्यांचं दुकान होतं. पेट्या-तबल्यांच्या मागून त्यांनी बासच्या तारांची दोन धुळकट पाकिटं काढली. लांबी कशावरच लिहिलेली नव्हती.

"तार म्हणजे तार. उरली तर कापायची, बाई," हणमंतराव म्हणाले.

"फोडून दाखवा."

"फोडलं तर घ्यावं लागंल."

"जी बसंल ती घेते. बसणार न्हाई ती न्हाई घेणार."

ते पुटपुटले, पण त्यांनी पाकीट फोडलं. तिनं काचेवर दोरा ताणला आणि शेजारी तार ठेवली. पहिल्या पाकिटातल्या तारेचा जाड भाग दुसऱ्या गाठीच्याही पुढं जात होता. "ही खुंटीवर वळताना मोडंल." दुसऱ्या पाकिटातली तार पहिल्या गाठीच्या थोडी पुढं जाऊन बारीक होत होती, आणि पुढचं शेपूट दोन-तीन वेढ्यांना पुरून उरत होतं. बारीक तारही तिसऱ्या गाठीला पुरली. "ही."

हणमंतरावांनी चष्मा वर केला. "वाजवतं कोण? मालक?"

"मी."

त्यांनी तिनं निवडलेल्या तारा कागदात गुंडाळल्या. "मग ऐका. कापायच्या आधी तार वाकवा आणि वाकवल्याच्या पुढं कापा. सरळ कापली की वरची गुंडाळी सुटती."

घरी येऊन तिनं तसंच केलं. मधल्या खोलीत, दार सताड उघडं ठेवून, एकेक तार काढत आणि एकेक बसवत. गिटार शरणप्पाच्या जुन्या स्पीकरला जोडली होती; जाड तार सुरात आली तेव्हा फडताळातल्या रिकाम्या घागरी घुमायला लागल्या.

"जरा हळू," संगप्पा म्हणाले.

"न्हाई, अप्पा."

सव्वीस तारखेला संध्याकाळी तिची खुर्ची ड्रमच्या मागं ठेवली होती. तिनं ती उचलली आणि पुढं, गायकाच्या शेजारी आणून ठेवली. गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "ओ बाई, ते खाली ठेवा, पाणी भरायला जा!"

हशा पिकला. कमलम्मानं गायकाच्या हातातला माइक घेतला. "नळाला पाणी आलं की सांगा. मंग जाते."

आता बायकांच्या बाजूनं हशा उठला, आधीच्यापेक्षा मोठा. तिनं सगळ्यात जाड तार छेडली. मांडवाचे पत्रे थरथरले. मग दोन तास ती थांबलीच नाही. संगप्पा शेवटच्या रांगेमागं उभे होते. कार्यक्रम संपला तेव्हाही ते तिथंच होते.

सामान आवरताना व्यंकट म्हणाला, "शनिवारी भोकरला हाय. सकाळी लवकर गाडी निघंल." एवढंच बोलला आणि वायर गुंडाळायला लागला.

दुसऱ्या दिवशी कचेरीत हेडक्लार्कनी तिला बोलावलं. "काल स्टेजवर तुम्हीच होतात म्हणं?"

"हाव."

"सरकारी नोकरीत हे शोभत न्हाई."

"नियम असंल तर दाखवा, मी वाचते." तिनं टाइप केलेला कागद पुढं ठेवला. "शनिवारची रजा पाहिजे. भोकरला कार्यक्रम हाय."

त्यांनी अर्ज पेपरवेटखाली सरकवला आणि फायलीत डोकं घातलं. कमलम्मा टेबलासमोरून हलली नाही. सगळ्या कचेरीतल्या माना वळल्या. शेवटी हेडक्लार्कनी अर्ज पेपरवेटखालून ओढला आणि सही करायला पेनाचं टोपण काढलं.