मांडवात उघडलेलं घड्याळ

सदाशिवरावांनी दुकान बंद केलं त्याला नऊ वर्षं झाली. आर्वीच्या बाजारातल्या त्या चिंचोळ्या जागेत आता मोबाइलची कव्हरं मिळतात. एकेकाळी तिथल्या भिंतीवर चाळीस घड्याळं टांगलेली असत, आणि बाराच्या ठोक्याला ती सगळी मिळून असा गलका करत, की समोरचा पानवाला कान झाकून घेई. गलका गेला, पण सदाशिवरावांचे हात काही गप्प बसले नाहीत. घरच्या ओसरीत खिडकीपाशी त्यांनी टेबल मांडलं, डोळ्याला लावायचं भिंग, चिमटे आणि बारीक पेचकस हाताशी ठेवले. कुणी कपाटाच्या तळातून बापाचं, आजाचं घड्याळ काढून आणलं की ते उघडून बघत, किंमत सांगत. चहाशिवाय काही घेत नसत. "सदाशिवराव बोलले म्हणजे झालं," असं तालुक्यात अजूनही म्हणत.

हे वाक्य कानावर पडलं की सदाशिवराव खाली बघत. त्याचं कारण त्यांच्याखेरीज कुणाला ठाऊक नव्हतं.

माघातल्या एका दुपारी ते कारण स्वतःच्या पायांनी चालत ओसरीवर आलं.

मंदाबाई आल्या होत्या, शेषरावांच्या पत्नी. शेषराव जाऊन सहा वर्षं झाली होती. बरोबर नात रुचिका होती. तिला नुकतीच सावंगीच्या दवाखान्यात नर्सची नोकरी लागली होती. टेकल्याबरोबर मंदाबाईंनी पिशवीतून रुमाल काढला, त्याची गाठ सोडली आणि टेबलावर एक पिवळंधमक घड्याळ ठेवलं.

"ओळखली का घडी, भाऊजी?"

"हाव. ओळखली."

न ओळखून कसं चालेल? हे घड्याळ आपल्याकडे कधी येऊ नये म्हणून त्यांनी पन्नास वर्षं देव पाण्यात ठेवले होते.

"रुचिकाले नोकरीची चेन कराची म्हणते मी," मंदाबाई म्हणाल्या. "सोनाराच्या काट्यावर ठेवून पाह्यली, साडेतीन तोळे भरली घडी! शनिवारी वर्ध्याले नेऊन आटवाची. पण म्हटलं, आधी तुमच्याकडून किंमत काढून घेऊ. सोनाराचं काही खरं नाई. तुमच्या शब्दावर तर माझं लगन लागलं, बापा!"

रुचिका हसली. "घड्याळावर कोणाचं लगन लागते का, आजी?"

"लागते वं! विचार यायले."

सदाशिवरावांच्या डोळ्यांपुढे मंदाबाईंच्या माहेरचा, रोहण्याचा मांडव उभा राहिला होता.

साल चौऱ्याहत्तर. रोहण्याला बंडूजींचं किराणा दुकान होतं आणि मंदा ही त्यांची थोरली. त्या काळी जावयाच्या मनगटावर सासऱ्याचं घड्याळ दिसल्याशिवाय लगन पुरं झाल्यासारखं वाटत नसे. सायकल आणि रेडिओ कुणीही देई. बंडूजींनी सोन्याचं घड्याळ कबूल केलं होतं. बायकोच्या पाटल्या मोडून त्यांनी ते नागपूरच्या कुणा दलालाकडून आणलं. पण ऐन मांडवात नवरदेवाच्या मामांनी घड्याळ हातात घेऊन वर-खाली केलं आणि चारचौघांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "पिवळं तर पितळही असते. आपला घडीवाला सोबत आहे ना? ये रे सदाशिव, खोलून पाह्य."

सदाशिव तेव्हा तेवीस वर्षांचा. दुकान टाकून जेमतेम वर्ष झालेलं, वरातीत आला होता तो जेवायला. त्याने चाकूच्या टोकाने मागचं झाकण उघडलं. आत बारीक अक्षरं कोरलेली होती: वीस मायक्रॉन. म्हणजे घड्याळ पितळेचं, वरून सोन्याचं पाणी दिलेलं; केसाहूनही पातळ.

त्याने मान वर केली. समोर बंडूजी हात जोडून उभे होते आणि हसत होते. मनात काळंबेरं असलेल्या माणसाचा तो चेहरा नव्हता. त्या माणसाला खरंच ठाऊक नव्हतं. आंतरपाट धरायला भटजी खोळंबले होते, आणि बाशिंग बांधलेल्या पोरीची नजर जमिनीला खिळली होती.

"सोनं आहे, मामा. अस्सल," सदाशिव म्हणाला आणि त्याने झाकण दाबून बसवलं.

लगन लागलं. शेषराव कापसाच्या जिनिंगमध्ये नोकरीला होते. रोज सकाळी सायकलवरून जाताना दुकानासमोर मान हलवून रामराम करत, आणि हँडलवरच्या मनगटात ते घड्याळ चमके. घड्याळ म्हटलं की चार वर्षांतून एकदा तेलपाणी आलंच. गावातली सगळी घड्याळं सदाशिवरावांच्या टेबलावरून गेली; शेषरावांचं तेवढं आलं नाही. चव्वेचाळीस वर्षांत एकदाही नाही. एव्हाना पाणी उडालं असेल, पितळ दिसलं असेल, आपण मांडवात खोटं बोललो हे या माणसाला कळलं असेल, असं सदाशिवरावांना त्या रामरामागणिक वाटे. दोघांनीही कधी सायकल थांबण्याइतकी गोष्ट काढली नाही.

"पाह्यता ना, भाऊजी?" मंदाबाई म्हणाल्या.

सदाशिवरावांनी भिंग डोळ्याला लावलं. बोलायचं धाडस होईना, म्हणून त्यांनी नातीला जवळ बोलावलं. "इकडे ये बेटा. आधी सांग, साडेतीन तोळे हे कशाचं वजन झालं?"

"घड्याळाचं."

"अख्ख्या घड्याळाचं. आतली मशीन आली, काच आली, तबकडी आली. नारळ करवंटीसकट तोलून कोणी खोबऱ्याचा भाव देते का?"

"नाई देत. मंग सोनं किती आहे, हे कसं कळते?"

"आधी आहे का, ते पाहाचं." त्यांनी घड्याळ आडवं धरलं. "पट्टा अडकवाचे हे चार कान पाह्य. शर्टाची बाही रोज यायले घासते. वरून पाणी दिलेलं असलं तर चार-पाच वर्षांत इथलं उडते न् पितळ बाहेर डोकावते. अस्सल सोनंही झिजते, पण झिजून खालून सोनंच निघते."

असं म्हणत त्यांनी पहिला कान उजेडाकडे वळवला. आता पितळ दिसणार आणि दिसलं की बोलावं लागणार, अशी मनाची तयारी करून.

पितळ दिसलंच नाही.

दुसरा कान पाहिला, तिसरा, चौथा. सगळे पिवळेधमक. वीस मायक्रॉनचं पाणी सायकलच्या हँडलवर चव्वेचाळीस वर्षं टिकेल? क्षणभर त्यांना वाटलं, आपणच तेव्हा चुकीचं वाचलं की काय! मग त्यांनी कड निरखली. मूळच्या धारदार कडा वापरलेल्या साबणासारख्या गोल झाल्या होत्या. भोवतीची नाजूक नक्षी बुजत आली होती. दरसाल पोळ्याला रंगवलेल्या बैलाच्या शिंगावर रंगावर रंग चढत जातो, तसं.

त्यांनी झाकण उघडलं. ती अक्षरं जागच्या जागी होती. पण त्यांच्या भोवताली सुईने ओरखडलेल्या बारीक खुणा होत्या, ज्या चौऱ्याहत्तर साली नव्हत्या.

"हे काय आहे, आजोबा?" रुचिकाने वाकून विचारलं.

"कारागिराची सही. घडी ज्याच्या हातून जाते तो आतून आपली खूण करते न् साल टाकते. पुढच्याले समजावं म्हणून." ते वाचू लागले. एकोणऐंशी. त्र्याऐंशी. अठ्ठ्याऐंशी. अशा नऊ खुणा, शेवटची दोन हजार पंधराची, आणि सगळ्या एकाच हाताच्या. तो हात सदाशिवरावांच्या ओळखीचा होता. तो नागपूरच्या एका कारागिराचा होता, आणि तो कारागीर यंत्राला फारसा हात लावत नसे. लोक त्याच्याकडे जात ते सोन्याचं पाणी चढवून घ्यायला. त्या कामात त्याचा हात धरणारा विदर्भात कुणी नव्हता.

सदाशिवरावांनी झाकण खाली ठेवलं. "वहिनी, शेषराव ही घडी कुठं देत दुरुस्तीले?"

"नागपूरले. जिनिंगच्या कामानं जात तेव्हा, चार-पाच वर्षांतून एकदा. आठ-आठ दिवस हात रिकामा राहे. मी म्हणो, भाऊजीचं दुकान पायाखाली आहे, एवढ्या दूर काऊन नेता? तर म्हणत, 'राहू दे वं. त्याले काऊन अडचणीत टाकतं?' मले वाटलं तुमचं दोघाचं भांडण आहे."

सदाशिवरावांनी भिंग काढून ठेवलं. अजूनही वाट मोकळी होती. 'आठवण आहे, आटवू नका' एवढं म्हटलं असतं तरी घड्याळ परत कपाटात गेलं असतं. ज्या माणसाने नऊ वेळा झाकलं, ते उघडं पाडणारे आपण कोण? पण मंदाबाईंनी चेनचं मनावर घेतलं होतं. आज ना उद्या एखादा सोनार त्यावर तेजाब टाकणार आणि आपल्या दुकानात बसून चार गिऱ्हाइकांदेखत म्हणणार, बंडूजीनं जावयाला फसवलं.

"वहिनी," ते म्हणाले, "ही घडी सोन्याची नाई. तेव्हाही नव्हती. मी मांडवात खोटं बोललो."

मंदाबाईंचा चेहरा उतरला. "म्हणजे माझ्या बापानं..."

"नाई! बंडूजी फसले. त्याइले माहीतच नव्हतं. मी त्याइचं तोंड पाह्यलं होतं, म्हणून तर मले खरं बोलवलं नाई."

"आईच्या पाटल्या गेल्या होत्या यात," मंदाबाई हलकेच म्हणाल्या.

रुचिका झाकणाकडे बघत होती. "आजोबा, मंग ह्या नऊ खुणा? आबाजी पाणी चढवून आणत होते? म्हणजे त्याइले माहीत होतं?"

"पहिल्यांदा पितळ दिसलं तेव्हापासून माहीत असंन."

मंदाबाईंनी घड्याळ उचललं, तळहातावर धरलं. त्यांचे खांदे हलू लागले. रडतात की काय म्हणून रुचिका उठली, तर त्या हसत होत्या. "दर दसऱ्याले मी ही घडी दागिन्याइसंग पूजेले ठेवो. अन् हा माणूस शेजारी बसून गंभीर तोंडानं हळद-कुंकू वाहे! एकदा तरी ओठ हलवावा!" हसता हसता डोळे भरले ते त्यांनी पदराने पुसले, आणि एकदम सदाशिवरावांकडे वळल्या. "अन् तुम्ही! रोज समोरून जाणाऱ्या माणसाले एक दिवस थांबवता नाई आलं? एक कप चहा पाजता नाई आला?"

"भेव वाटे, वहिनी."

"भेव! तो तुमच्यासाठी नागपूर करे, अन् तुम्ही त्याले भेत होते. शहाणे दोघंही!"

सदाशिवराव ऐकत राहिले. पन्नास वर्षांत इतकं बरं त्यांना कुणाचं बोलणं वाटलं नव्हतं.

"मंग आता किंमत किती धराची?" रुचिकाने अडखळत विचारलं.

"खरी सांगतो. मशीन चांगली आहे, सतरा खड्यांची. साफ केली तर चालंन. बाजारात दोन-अडीच हजार कोणीही देईन. वरचं सोनं ग्रॅमभरही नाई निघणार, अन् काढाच्या खर्चातच ते जाईन. चेन नाई होत बेटा याची."

"चेन होईन मंग कधी," मंदाबाई म्हणाल्या आणि त्यांनी घड्याळ टेबलावरून सदाशिवरावांपुढे सरकवलं. "साफ करून द्या. हिच्या हातात घालाजोगी."

"माणसाइची घडी आहे, आजी!"

"मंग? माणसाइच्या घडीनं पेशंटची नाडी मोजता येत नाई का?"

रुचिकाने मनगटाशी घड्याळ धरून पाहिलं. मोठं होतं, पण वाईट दिसत नव्हतं. मग तिला वेगळीच काळजी लागली. "पण घरी काय सांगाचं? आई विचारंन ना, सोनाराकडं काऊन नाई गेल्या म्हणून."

सदाशिवराव घाईने म्हणाले, "सांगजो, मी म्हटलं आटवू नका, जुनी वस्तू आहे..."

"काऊन?" मंदाबाई उठून चपला शोधत म्हणाल्या. "झालं तेच सांगू. आता कोणाचं लगन अडून राह्यलं?"